निष्ठा कानाची, हाताची की कुलपाची?

तंबोरा मिरजेचाच हवा असा आग्रह धरणाऱ्या गवयाला त्या आग्रहाचे कारण सांगता येते. भोपळा, लाकूड, जवारी यांमुळे एक तंबोरा दुसऱ्यासारखा बोलत नाही. संगणकावर गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्यांचा आग्रहही तितकाच कडवा असतो. प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह, रीपर या सॉफ्टवेअरपैकी आपले तेच श्रेष्ठ, असे प्रत्येकाला वाटते. ‘त्यात आवाज अधिक उबदार येतो’ हे विधान तर नेहमीचेच. पण इथे हे विधान तपासून पाहता येते.

या सर्व सॉफ्टवेअरचे मूळ काम एकच आहे. गायक, तबला, पेटी यांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवायचे, त्यांची काटछाट करायची, पातळ्या जुळवायच्या आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. ही बेरीज म्हणजे शब्दशः अंकगणित. तिची परीक्षाही सोपी आहे. तेच ट्रॅक, त्याच पातळीवर, कोणताही इफेक्ट न लावता दोन सॉफ्टवेअरमधून काढायचे. एका फायलीतला तरंग उलटा करायचा आणि दोन्ही फायली एकत्र वाजवायच्या. जे सारखे असेल ते परस्परांना खोडते, उरतो तो फरक. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा शांतताच उरते, किंवा कानाला कधीही न जाणवणारा सूक्ष्म अवशेष.

मग कानाला फरक जाणवतो तो कशामुळे? एक कारण ‘पॅन लॉ’ नावाच्या नियमात आहे. मध्यभागी ठेवलेला आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून तो मोठा वाटतो. तो समतोल राखण्यासाठी सॉफ्टवेअर त्याची पातळी थोडी उतरवते. कुठे ही घट 3 डेसिबल असते, कुठे 4.5, तर कुठे मुळीच नसते. त्यामुळे तेच गाणे एका ठिकाणी किंचित मोठे वाजते, आणि आपला कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो. या श्रद्धेला जुना आधारही आहे. प्रो टूल्सच्या महागड्या यंत्रणांमध्ये पूर्वी बेरजेची पद्धतच निराळी होती. 2011 मध्ये ती बदलली. गणित बदलले, ख्याती मात्र तशीच राहिली.

कानानंतर हात येतो. दिवसातून शेकडो वेळा दाबलेल्या कळींच्या जोड्या बोटांत मुरतात. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी 1985 मध्ये टंकयंत्राच्या ‘क्वर्टी’ कळफलकाविषयी हेच दाखवले : एकदा हजारो हात एका मांडणीला सरावले की दुसरी मांडणी चांगली की वाईट हा प्रश्नच मागे पडतो. इनस्क्रिप्टवर टंकणाऱ्याला फोनेटिकवर बसवून पाहावे, म्हणजे खात्री पटेल.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर आपले प्रकल्प स्वतःच्याच स्वरूपात साठवते, आणि दुसऱ्यात ते पूर्णपणे उघडत नाहीत. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले जुने दिवाळी अंक ज्यांनी पुन्हा उघडून पाहिले आहेत, त्यांना हे दुखणे सांगायला नको. वीस वर्षांचे काम ज्या कुलपात आहे, त्याची किल्ली दुसऱ्याकडे असते.

हे कुलूप कसे बसते, हे 2002 मध्ये दिसले. त्या जुलैत ॲपलने लॉजिक बनवणारी जर्मन कंपनी इमॅजिक विकत घेतली आणि विंडोजवरील आवृत्ती सप्टेंबरअखेर बंद केली. विंडोजवाल्यांपुढे दोनच वाटा उरल्या : नवा संगणक किंवा नवे सॉफ्टवेअर. 1987 पासून चालत आलेले केकवॉक 2013 मध्ये गिब्सन या गिटार कंपनीकडे गेले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये गिब्सनने त्याचा विकास थांबवला. पुढच्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतले आणि नंतर विनामूल्य दिले, म्हणून वापरणारे वाचले. त्यांच्या निष्ठेने त्यांना वाचवले नव्हते.

विश्वास कसा टिकतो, याचीही उदाहरणे आहेत. विनॅम्पचे जनक जस्टिन फ्रँकेल यांचे रीपर साठ दिवसांची चाचणी देते. मुदत संपल्यावरही ते बंद पडत नाही, फक्त आठवण करून देते. वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा. एफएल स्टुडिओ एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर विनामूल्य मिळतात. याउलट मार्च 2023 मध्ये ध्वनिप्रक्रियेची साधने बनवणाऱ्या वेव्ह्ज कंपनीने कायमचे परवाने विकणे थांबवून फक्त वर्गणी ठेवली. ग्राहक इतके संतापले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. आवाज तोच होता. दुखावला होता तो भरवसा.

म्हणून माणूस एका सॉफ्टवेअरला चिकटून आहे एवढ्यावरून तो निष्ठावान ठरत नाही. दार उघडे असताना जो थांबतो, त्याच्याच थांबण्याला निष्ठा म्हणता येईल. हे दार उघडे ठेवणे बरेचसे आपल्या हातात आहे. काम संपले की प्रत्येक ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत सलग, साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा, सोबत लय आणि ट्रॅकची नावे लिहावीत. वेव्ह हे स्वरूप 1991 पासून आहे आणि जवळपास सगळीकडे उघडते. बिटविग आणि प्रीसोनस यांनी 2023 मध्ये ‘डॉप्रोजेक्ट’ हे प्रकल्पांच्या देवाणघेवाणीचे खुले स्वरूपही आणले आहे. घराण्यातल्या बुजुर्गांच्या मैफली, गावच्या कीर्तनकारांचे आवाज आज घरगुती संगणकांवर साठत आहेत. ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्रित झाले, हे आणखी तीस वर्षांनी कुणी विचारणार नाही. ते उघडतात का, एवढेच विचारले जाईल.