एक सेवा, अनेक प्रोटोकॉल : फायरवॉलच्या नियमांचे लेखन

फायरवॉलचा नियम हे मुळात एक आज्ञार्थी वाक्य असते. कोठून आलेली, कोठे जाणारी आणि कोणत्या प्रोटोकॉलने प्रवास करणारी माहिती सोडावी वा अडवावी, हे त्यात सांगितलेले असते. वाक्यातील एक शब्द सुटला तर अर्थ किती बदलतो, हे भाषेच्या अभ्यासकाला ठाऊक असतेच.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. अशा भागातील एखाद्या वननाक्यावर ‘ट्रकमधून विनापरवाना लाकूड नेऊ देऊ नये’ एवढाच आदेश असेल, तर तेच लाकूड बैलगाडीतून निघून जाईल. आदेश लाकडाविषयी हवा होता. तो वाहनाविषयी लिहिला गेला. फायरवॉलच्या नियमांतही नेमकी हीच चूक होते. सेवा एकच असते, पण तिची वाहने अनेक असतात.

समजा, कोरपना येथील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकांवरून विद्यार्थी शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला ‘डीएनएस’ म्हणतात. ती प्रायः यूडीपी या प्रोटोकॉलने, ५३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. परंतु उत्तर मोठे असल्यास तीच विचारणा टीसीपीने पुन्हा केली जाते. नियमात केवळ यूडीपीला परवानगी असेल, तर बहुतेक संकेतस्थळे उघडतील, मात्र एखादे उघडणार नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हा दोष सापडणे कठीण असते आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

उलट बाजूही पाहा. सुरक्षित संकेतस्थळे टीसीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतात. पण २०२१ मध्ये प्रमाणित झालेला ‘क्विक’ हा प्रोटोकॉल त्याच क्रमांकावर यूडीपीने जातो. एखादे घातक स्थळ केवळ टीसीपीवर अडवले, तर दुसरे दार उघडेच राहते. आयपीच्या चौथ्या आणि सहाव्या आवृत्तीलाही हेच लागू आहे. लिनक्सवरील ‘आयपीटेबल्स’ केवळ चौथ्या आवृत्तीचे नियम पाळते. सहाव्या आवृत्तीसाठी वेगळी यादी करावी लागते. २०१४ पासून लिनक्समध्ये आलेल्या ‘एनएफटेबल्स’मध्ये मात्र दोन्ही आवृत्त्यांसाठी एकच नियम लिहिता येतो.

‘आयसीएमपी’चा प्रकार निराळा आहे. त्याला पोर्ट नसतात. तो प्रामुख्याने अडचणींचे निरोप पोहोचवतो. तो सरसकट बंद केल्यास ‘पुडके फार मोठे आहे’ हा निरोप परत येत नाही आणि पान अर्धवट उघडून थांबू शकते. सहाव्या आवृत्तीत तर शेजारचा संगणक शोधण्याचे कामही याच प्रोटोकॉलच्या नव्या रूपाकडे असते.

म्हणून नियम लिहिताना पुढील क्रम पाळावा :

१. प्रथम हेतू साध्या मराठीत लिहावा : ‘ग्रंथालयातील संगणकांना नावांचा शोध घेता यावा.’
२. ती सेवा ज्या ज्या प्रोटोकॉलने चालते, त्या सर्वांची नोंद करावी.
३. आयपीच्या दोन्ही आवृत्त्यांसाठी नियम आहे ना, हे पाहावे.
४. परवानगीचे नियम आधी आणि ‘उरलेले सर्व अडवावे’ हा नियम शेवटी ठेवावा. कारण बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात.
५. प्रत्येक प्रोटोकॉलची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी.

आपली प्रगती तपासा : ‘यूडीपीच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टला परवानगी द्यावी’ या नियमात कोणती उणीव आहे? तो नियम पूर्ण करून लिहा.