झुंबर नाही, तरी दर्जा! ‘युनियन स्क्वेअर कॅफे’कडून काय शिकायचं?



हॉटेल टाकायचं म्हणून भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, इंटिरिअरला किती बजेट ठेवू?” निम्मं भांडवल लाइट, फर्निचर आणि बोर्डावर घालायची तयारी असते. आज याचं उत्तर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात शोधूया.

सुरुवात

डॅनी मेयर हा सेंट लुईस शहरातला मुलगा. न्यूयॉर्कमध्ये दुकानांतली चोरी रोखणारे टॅग विकायचा. कमाई उत्तम होती आणि पुढे वकिलीला जायचं ठरत होतं, पण जीव खाण्यात अडकलेला. शेवटी नोकरी सोडली. लगेच हॉटेल काढलं का? नाही. आधी दुसऱ्याच्या रेस्टॉरंटमध्ये काम केलं, मग इटली-फ्रान्सला जाऊन स्वयंपाक शिकला. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, त्याने युनियन स्क्वेअर कॅफे उघडलं.

तेव्हा तो भाग काही पॉश नव्हता, त्यामुळे भाडं झेपणारं होतं. आणि जवळच १९७६ पासून शेतकऱ्यांचा बाजार भरत होता, म्हणजे ताजा माल चालत जाऊन आणता यायचा. जागा निवडताना त्याने दिखावा बघितला नाही, उपयोग बघितला.

मग वेगळं काय केलं?

त्या काळात उंची हॉटेल म्हटलं की सूट-टाय, फ्रेंच नावांचा मेन्यू आणि ताठ चेहऱ्याचे वेटर. मेयरने जेवण आणि वाइन त्या तोडीची ठेवली, पण ताठपणा काढून टाकला. एकटा माणूस आला तर त्याने बारवर बसावं आणि पूर्ण मेन्यूतलं हवं ते जेवावं. आपल्याकडे एकट्या गिऱ्हाइकाला काय ऐकावं लागतं? “साहेब, जरा शेअरिंगमध्ये बसता का?” फरक इथे आहे बघा.

मेयर सर्व्हिस आणि आदरातिथ्य या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. वेळेवर, बरोबर ऑर्डर येणं ही सर्व्हिस. ती घेताना गिऱ्हाइकाला कसं वाटलं, हे आदरातिथ्य. म्हणून माणसं निवडताना तो ५१ टक्के वजन स्वभावाला देतो आणि ४९ टक्के कामाच्या कौशल्याला. ताट कसं धरायचं हे शिकवता येतं, आपुलकी शिकवणं अवघड.

घाई केली नाही

पहिलं हॉटेल जोरात चालूनही दुसरं, ‘ग्रॅमर्सी टॅव्हर्न’, आलं १९९४ मध्ये. म्हणजे नऊ वर्षांनी! आणि ही रीत फक्त महागड्या हॉटेलात चालते असं समजू नका. २००१ मध्ये याच मंडळींनी मॅडिसन स्क्वेअर पार्कात हॉट डॉगची साधी गाडी लावली. २००४ मध्ये तिथेच पक्का स्टॉल झाला. तोच पुढे जगभर पसरलेला ‘शेक शॅक’.

खरी परीक्षा

हॉटेलांमुळे, बाजारामुळे तो भाग सुधारला. आणि भाग सुधारला की काय होतं? भाडं वाढतं! तीस वर्षांनी करार संपला तेव्हा नवं भाडं परवडेना. २०१५ च्या अखेरीस जुनी जागा सोडावी लागली आणि वर्षभराने कॅफे जवळच, १९व्या रस्त्यावर, पुन्हा सुरू झालं. भिंती मागे राहिल्या. नाव, माणसं आणि गिऱ्हाइकांशी जोडलेलं नातं मात्र सोबत आलं.

आता विचार करा. आपल्याकडे बऱ्याच जागा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असतात. अशा जागेच्या भिंतींत तुम्ही सहा लाख चिणले आणि मालकाने करार वाढवला नाही, तर त्यातलं उचलून काय नेणार?

आजचा गृहपाठ

तुमचं बजेट कागदावर दोन रकान्यांत मांडा. एका बाजूला जागा सोडताना मागे राहणारा खर्च, दुसऱ्या बाजूला सोबत येणारा: चांगला कूक, स्टाफचं ट्रेनिंग, भांडी-मशीन, गिऱ्हाइकांची ओळख. पहिला रकाना जड झाला असेल तर बोर्ड रंगवायच्या आधी आकडे बदला. आणि मालकाशी करार किती वर्षांचा, दरवर्षी भाडेवाढ किती, हे लेखी घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!