थंडीत डिझेल गाडी सकाळी थडथडते? आधी धूर बघा, मग खर्च करा



दर वेळी आपण बागेबद्दल बोलतो, आज गाडीबद्दल बोलू. थंडी वाढल्यापासून पिकाच्या बरोबरीने गाडीचे फोन येताहेत: "पिकअप सकाळी लवकर लागत नाही. लागली की दोन मिनिटं थडथडते, पांढरा धूर सोडते आणि मग एकदम ठीक."

आपल्या निफाड पट्ट्यात कुंदेवाडीच्या केंद्रावर पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. अशा पहाटे माल भरून गाडी उभी राहिली तर मार्केटची वेळ जाते आणि मजुरांचा खोळंबा होतो. घाईघाईत जे सुचेल ते बदललं जातं. मागच्या हिवाळ्यात आपल्या एका सभासदाने नोझलचं काम करून घेतलं, हजारोंचं बिल भरलं. दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा तशीच. शेवटी चारपैकी दोन हीटर प्लग मेलेले निघाले. पान न बघता औषध मारायचं नाही, हे आपण बागेत शिकलोय. गाडीलाही तेच लागू आहे.

*थंडीतच त्रास का होतो?*

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला साधारण १६ ते १८ पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. थंड सकाळी लोखंडच ही उष्णता ओढून घेतं. म्हणून हीटर प्लग (ग्लो प्लग) असतो. त्याचं टोक काही सेकंदांत लालभडक होतं. म्हणजे सकाळी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: पुरेशी उष्णता, सेल्फचा जोरात फेरा आणि हवा न मिसळलेलं डिझेल. यातलं एक कमी पडलं की गाडी रडते.

*पहिली दोन मिनिटं तुमच्याच हातात आहेत*

हा दोष फक्त थंड इंजिनात दिसतो. गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि मिस्त्री म्हणतो, "काहीच प्रॉब्लेम नाही." म्हणून उद्या सकाळी एकाला चावीजवळ बसवा, दुसऱ्याने सायलेन्सरमागे उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढा. आवाज आणि धूर दोन्ही आले पाहिजेत. मग हे ताडून बघा:

▪️ सेल्फ जड, हळू फिरतो: बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थिंग किंवा सेल्फ.
▪️ सेल्फ जोरात फिरतो, पण धूरच नाही: डिझेल पोहोचत नाही.
▪️ पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, मिसिंग, मिनिटा-दोन मिनिटांत साफ: आधी हीटर प्लग.
▪️ लगेच लागते, काही सेकंदांत बंद पडते, मग लांब सेल्फ मारावा लागतो: डिझेल लाईनमध्ये हवा.
▪️ निळा धूर आणि ऑईल कमी होतंय: रिंग किंवा व्हॉल्व्हची झीज.
▪️ काळा धूर: एअर फिल्टर चोंदलेला किंवा नोझल जास्त डिझेल सोडतोय.
▪️ गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय: हेड गॅस्केटची शंका. गाडी पळवू नका, आधी दाखवा.

*घरची तपासणी, याच क्रमाने*

१) *बॅटरी.* रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. त्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड घासून काढा, अर्थिंगचा बोल्ट आवळा. अनेकदा एवढ्यानेच काम होतं.

२) *हीटर प्लग.* चावी ऑन करा, डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा. चावी बंद करून पुन्हा तसंच करा. मग सेल्फ मारा. गाडी स्पष्ट सुधारली तर संशय हीटर प्लगवर. लक्षात ठेवा, दिवा विझला म्हणजे प्लग चांगले आहेत असं नाही. तो फक्त वेळ झाल्याचं सांगतो. खात्रीसाठी प्लगची वायर काढा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला नाही तर तो प्लग गेला. सगळे प्लग ठीक असतील तर रिले आणि फ्यूज बघा. नव्या गाड्यांतले काही प्लग कमी व्होल्टेजचे असतात, त्यांना थेट १२ व्होल्ट देऊ नका.

३) *डिझेल.* फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी काढा. हँडपंप असेल तर सकाळी सेल्फआधी तो कडक होईपर्यंत दाबा. त्या दिवशी गाडी झटकन लागली तर रात्री कुठूनतरी हवा आत जातेय. जुने रबर पाईप, क्लिप, फिल्टरचं पॅकिंग बघा. उन्हाळ्यापासून कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल थंडीत वापरू नका. कडक थंडीत त्यात मेण धरून फिल्टर चोंदू शकतो.

४) *नोझल आणि कॉम्प्रेशन.* वरचं सगळं ठीक निघालं तरच इकडे वळा. कॉमन रेल गाडीत आधी स्कॅनर लावून घ्या आणि नोझलच्या रिटर्नची तपासणी करायला सांगा. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला बाटली लावतात. एका बाटलीत डिझेल खूप जास्त आलं तर दोष त्याच नोझलचा, चारही बदलायची गरज नाही.

*हे अजिबात करू नका* ⚠️

❌ हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तो तापलेल्या टोकावर अवेळी पेटतो, पिस्टन फुटू शकतो.
❌ इंजिनखाली चिंध्या पेटवून गरम करू नका.
❌ जुन्या ट्रॅक्टरसारखे नोझलचे पाईप सैल करून हवा काढायची सवय कॉमन रेल गाडीत चालणार नाही. तिथला दाब १,००० बारच्या पुढे जातो. डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.
❌ बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.
❌ सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

*गॅरेजला जाताना*

व्हिडिओ दाखवा. "पंप-नोझल बघा" असं सांगू नका. "थंड असताना दोन मिनिटं मिसिंग, पांढरा धूर, मग साफ" असं लक्षण सांगा. जमलं तर गाडी रात्री तिथेच ठेवा, म्हणजे पहिला सेल्फ मिस्त्रीसमोरच लागेल. काढलेला पार्ट परत मागून घ्या. हीटर प्लग काही शेकड्यांत येतो, नोझलचं काम हजारोंत जातं. म्हणून स्वस्त तपासणी आधी.

कडाका वाढायच्या आत या रविवारी बॅटरी आणि हीटर प्लग एवढे दोन तरी तपासून घ्या. अडचण आली तर सकाळच्या पहिल्या सेल्फचा व्हिडिओ याच नंबरवर पाठवा, मिळून बघू.

*आपला कृषी सल्लागार*