कूबर पीडी: टेकडीच्या पोटातले गाव

स्थान

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेडपासून स्टुअर्ट महामार्गाने उत्तरेला ८४६ किलोमीटरवर कूबर पीडी हे सुमारे दीड हजार वस्तीचे खाणगाव आहे. प्रथमदर्शनी ते गाव वाटत नाही. दिसतात ते पांढरट मातीचे शंकूच्या आकाराचे ढीग, गंजलेली यंत्रे आणि टेकड्यांतून वर आलेल्या नळ्या. या नळ्या हवा खेळण्यासाठी असतात; खाली कुणाचे तरी घर असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वर्षाचा पाऊस जेमतेम दीडशे मिलिमीटर. अशा जागी वस्ती झाली ती ओपल या रत्नापायी. गावाचा विक्षिप्तपणा म्हणून जे जे पर्यटकांना दाखवले जाते, ते बहुतेक ऊन, पाणी किंवा ओपल यांपैकी एखाद्या अडचणीवर काढलेला व्यवहारी तोडगा आहे.

ओपल

फेब्रुवारी १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्या एका तुकडीतील विली हचिसन या किशोरवयीन मुलाला येथे ओपल सापडले. ओपल म्हणजे पाण्याचा अंश असलेली सिलिका. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा भाग उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या गाळातील फटींत सिलिकायुक्त भूजल झिरपले आणि अतिसूक्ष्म गोलकांचे थर साचले. गोलक एकसारख्या आकाराचे व शिस्तीने रचलेले असतील, तर प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग उमटतात. रचना विस्कळीत असेल, तर निघतो तो निर्जीव दगड, आणि खाणकामगाराच्या वाट्याला बहुधा तोच येतो. काही ठिकाणी समुद्री प्राण्यांच्या हाडांचेही ओपल झाले. येथे मिळालेला ‘एरिक’ नावाचा प्लायोसॉरचा सांगाडा आज सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आहे.

भूमिगत घरे

येथील घराला ‘डगआउट’ म्हणतात. जमिनीत काही मीटर खोल गेले की दिवस-रात्र आणि ऋतू यांतील फरक खडकात विरून जातो व तापमान वार्षिक सरासरीच्या जवळ स्थिरावते. त्यामुळे वातानुकूलन यंत्राशिवाय खोल्या बारा महिने तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास राहतात. खडक यंत्राने कोरण्याइतका मऊ, पण छत स्वतःच्या बळावर तोलून धरण्याइतका घट्ट आहे. कोरणाऱ्या यंत्राच्या दात्यांचे गोलाकार ओरखडे भिंतींवर तसेच ठेवतात आणि धूळ झडू नये म्हणून वर पारदर्शक लेप देतात. हॉटेले, पुस्तकांचे दुकान, सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च हेही जमिनीखालीच. मर्यादा उजेडाची: खिडकी मिळते ती बहुधा दर्शनी बाजूलाच.

पाणी आणि गोल्फ

गावापासून सुमारे २४ किलोमीटरवरील कूपनलिकेचे खारे पाणी शुद्ध करून पुरवले जाते. ते महाग असल्याने हिरवळ ही चैन ठरते. गोल्फच्या मैदानावर गवत नाही. खेळाडू कृत्रिम हिरवळीचा छोटा तुकडा बरोबर बाळगतो आणि त्यावर चेंडू ठेवून टोला मारतो. उन्हाळ्यात खेळ रात्री, चमकणाऱ्या चेंडूंनी.

खाणी आणि ढीग

खाणकाम प्रामुख्याने व्यक्ती किंवा छोट्या भागीदाऱ्या करतात. ट्रकवर बसवलेले ‘ब्लोअर’ हे यंत्र खालचा दगडमातीचा चुरा नळीने शोषून वर आणते आणि त्यातूनच ते ढीग तयार होतात. ढिगांत निसटलेले ओपल चाळून शोधण्याला ‘नूडलिंग’ म्हणतात. नवख्यांसाठी त्याची ठरलेली जागा आहे. इतरत्र भटकणे जिवावर बेतू शकते, कारण उघडे शाफ्ट सर्वत्र आहेत. ‘उलट्या पावली चालू नका’ असे बजावणारे फलक येथे आहेत. छायाचित्रासाठी मागे सरकणाऱ्या माणसाच्या संदर्भात ही सूचना अजिबात विनोदी नाही.

खरेदी

अखंड ओपल सर्वांत मोलाचे. ‘डब्लेट’मध्ये ओपलची पातळ चकती गडद आधारावर चिकटवलेली असते, तर ‘ट्रिप्लेट’मध्ये त्यावर पारदर्शक टोपणही असते. वरून तिन्ही सारखीच झळकतात. न बसवलेला खडा आडवा धरला की कडेला सांध्याची सरळ रेष दिसते. अंगठीत बसवल्यावर कडा झाकली जाते, म्हणून परीक्षा आधी करावी लागते.

परिसर

उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर कांकु-ब्रेकअवेज या पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या टेकड्या आहेत. हा परिसर येथील आदिवासी समाजाला पवित्र असून प्रवेशासाठी परवाना लागतो. जवळूनच डिंगो या रानकुत्र्यांपासून मेंढ्यांचे रक्षण करणारे, पाच हजार किलोमीटरहून लांब कुंपण जाते. सुमारे ४० किलोमीटरवरील मांगुरी येथे ‘द घान’ ही रेल्वे थांबते. तिचे नाव अफगाण म्हणून ओळखल्या गेलेल्या उंटवाल्यांवरून पडले. त्यांच्यापैकी अनेकजण प्रत्यक्षात तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आले होते. पूर्वेला विल्यम क्रीक ही मूठभर माणसांची वस्ती आहे.

काळ आणि रस्ते

एप्रिल ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा टाळावा असा. महामार्ग डांबरी असला, तरी विल्यम क्रीककडचे रस्ते कच्चे आहेत. थोडा पाऊस झाला तरी ते बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो.