पहाटे पोचलात, तर नाश्ता कुणाचा?

धानोऱ्याचा माणूस नंदुरबारहून रात्रीची गाडी धरून भल्या सकाळी मुंबईत उतरतो. हॉटेलात खोली मिळणार दुपारी दोनला. मग समोर मांडलेल्या इडली-पोह्यांवर त्याचा हक्क आहे का? सहसा नाही. फुकट नाश्ता मुक्कामाच्या रात्रीला जोडलेला असतो. आज रात्री झोपलात, तर उद्या सकाळचा तुमचा. हॉटेलच्या योजनेचे सभासद असलात तरी फारसा फरक नाही. मॅरियट हॉटेलांच्या ‘बॉनवॉय’ योजनेचं प्लॅटिनम सभासदत्व एरवी वर्षात ५० रात्री काढल्यावर मिळतं. त्यात बऱ्याच हॉटेलांत नाश्ता आहे, पण खोली लवकर मिळण्याची हमी नाही. पहिल्याच सकाळी नाश्ता मिळेल का, असं काउंटरवर विचारायला हरकत नाही. दिला तर ती मेहेरबानी. आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग असेल तर प्रश्नच मिटला. मात्र ‘पहाटे पोचतोय’ असं फोनवर आधी कळवा, नाहीतर आलाच नाहीत असं धरून खोली दुसऱ्याला जाऊ शकते.