गाडीचा 'रिकॉल' म्हणजे काय? दुचाकीवाल्या पालकांनी काय करायचं?



मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. म्हणाले, "सर, मी घेतलेल्या मॉडेलच्या गाड्या कंपनीने परत मागवल्यात असं मोबाईलवर आलंय. मग आता गाडी जमा करायची का? पैसे परत मिळणार की नवीन गाडी देणार?" गाडी त्यांनी वर्षभरापूर्वी ओळखीतल्या एकाकडून जुनी घेतलेली. रोज सकाळी त्याच गाडीवर पुढे धाकटी, मागे थोरला, अशी वरात शाळेत येते. मी त्यांना विचारलं, "शोरूममधून तुम्हाला फोन आला होता का?" ते म्हणाले, "नाही, मला कोणीच काही कळवलं नाही."

तेव्हा वाटलं, यावर एकदा नीट लिहायला हवं. कारण 'परत मागवल्या' या बातमीतल्या शब्दांनीच निम्मा घोटाळा होतो.

रिकॉल म्हणजे गाडी कायमची परत घेणं नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो, की एका ठराविक काळात बनलेल्या गाड्यांच्या एखाद्या भागात दोष असू शकतो, तेव्हा गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, आम्ही तपासू, गरज असेल तर तो भाग फुकट बदलू आणि गाडी तुम्हाला परत देऊ.

एक खरं उदाहरण घेऊ. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने २ लाख ३६ हजार ९६६ मोटारसायकलींचा रिकॉल जाहीर केला. त्यात मीटिऑर ३५०, क्लासिक ३५० आणि बुलेट ३५० ही मॉडेल्स होती. पण सगळ्या बुलेट आणि सगळ्या क्लासिक नव्हेत. मीटिऑर डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या, आणि क्लासिक व बुलेट जानेवारी ते एप्रिल २०२१ मध्ये बनलेल्या, तेवढ्याच. भारताबरोबर थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे विकलेल्या गाड्याही त्यात होत्या. दोष सापडला तो कंपनीच्या नेहमीच्या अंतर्गत चाचण्यांत, आणि तो होता इग्निशन कॉइलमध्ये.

ही कॉइल करते काय? विज्ञानाच्या शिक्षकांना हे वर्गात सांगायला आवडेल. दहावीला आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो, तेच इथे प्रत्यक्ष काम करत असतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्यावर स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात. म्हणून कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक कमी वेढ्यांचं आणि दुसरं खूप जास्त वेढ्यांचं. पहिल्यातला प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्यात क्षणभर प्रचंड व्होल्टेज तयार होतं आणि ठिणगी उडते. इंजिन चालू आहे तोवर हे दर सेकंदाला अनेकदा घडतं. कॉइलमध्ये बिघाड असेल तर ठिणगी कधी पडते, कधी पडत नाही. गाडी झटके देते, ओढत नाही. क्वचित शॉर्ट सर्किटही होऊ शकतं, असं कंपनीनेच सांगितलं होतं. आता हीच गाडी घाटात, मागून ट्रक येत असताना अडखळली तर काय, याची कल्पना तुम्हीच करा.

कंपनीचा अंदाज असा होता, की १० टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल. मग सगळ्यांना कशाला बोलवायचं? शाळेत पोषण आहाराच्या तांदळाच्या एका कट्ट्यात किडे निघाले, तर त्या खेपेतले सगळे कट्टे आपण उघडून बघतो ना? तसंच हे. कोणत्या गाडीत दोष आहे ते बाहेरून कळत नाही. "माझी तर मस्त चालतेय" हे म्हणूनच उत्तर होऊ शकत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात क्लासिक ३५० च्या २६ हजार ३०० गाड्यांसाठी आणखी एक रिकॉल निघाला. या १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ दरम्यान बनलेल्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्या. ड्रम ब्रेक लागताना चाक ब्रेकच्या पत्र्यालाही आपल्याबरोबर फिरवायला बघतं. त्याला धरून ठेवणारा एक आधार मागच्या स्विंगआर्मवर असतो (न्यूटनचा तिसरा नियम, नववी!). मागचा ब्रेक फारच जोरात दाबला गेला तर तो आधार खराब होऊन ब्रेकमधून आवाज येण्याची आणि ब्रेक कमी लागण्याची शक्यता होती. आणि फक्त बुलेटवाल्यांनी घाबरायचं असं नाही. २०२४ मध्ये यामाहाने रे झेडआर आणि फॅसिनो या १२५ सीसी हायब्रिड स्कूटरच्या सुमारे ३ लाख गाड्या ब्रेकच्या लिव्हरसाठी बोलावल्या होत्या. आपल्या किती विद्यार्थ्यांच्या आया अशाच स्कूटरवरून त्यांना सोडायला येतात!

माझं तर मत असं, की रिकॉल जाहीर करणारी कंपनी वाईट, हा समज आधी सोडावा. दोष लपवणारी कंपनी जास्त धोक्याची.

आता मुद्द्याचं. तुमची गाडी त्यात आहे की नाही हे मॉडेलच्या नावावरून ठरत नाही, ठरतं चेसिस नंबरवरून. हा १७ अक्षरं-आकड्यांचा नंबर आरसी बुकात किंवा आरसीच्या स्मार्ट कार्डवर छापलेला असतो. गाडीवरही कोरलेला असतो, बहुतेक मोटारसायकलींना हँडलखाली, चेसिसच्या मानेवर. लिहून घेताना एक लक्षात ठेवा: या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. तुम्ही 'ओ' लिहिला असेल तर तो शून्य आहे. आरसीवर गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही दिलेलं असतं. खरेदीची तारीख आणि बनल्याची तारीख यांत गफलत करू नका. एप्रिलमध्ये बनलेली गाडी जूनमध्येही विकली जाते.

हा नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर तपासा, नाहीतर सरळ अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि विचारा, "या चेसिस नंबरवर कुठला रिकॉल बाकी आहे का?" कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यावर आपला कितीही विश्वास असला (माझाही आहे), तरी हे काम त्याच्याकडे करू नका. त्याच्याकडे ना कंपनीची यादी असते, ना सुधारलेला भाग. सर्व्हिस सेंटरमध्ये या कामाचे पैसे लागत नाहीत, भागाचे नाहीत आणि मजुरीचेही नाहीत. वॉरंटी संपली म्हणून घरी बसू नका, दोष बनवण्यातला आहे. "रिकॉलच्या नोंदणीसाठी अमुक रुपये पाठवा, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्या. काम झालं की जॉब कार्डावर ते रिकॉलचं काम म्हणून लिहून घ्या आणि तो कागद आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेवा, पुढे गाडी विकताना उपयोगी पडतो. दोष ब्रेकचा असेल तर काम होईपर्यंत मुलांना त्या गाडीवर बसवू नका. चार दिवस रिक्षा परवडली.

जुनी गाडी घेणाऱ्यांची अडचण मात्र वेगळीच. कंपनीचा मेसेज जातो तो तिच्याकडे नोंदलेल्या नंबरावर, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या मालकाला. त्याने गाडी विकलेली असते, तो मेसेज पुसून टाकतो. आरसी तुमच्या नावावर झाली तरी शोरूमच्या वहीत तुमचा मोबाइल नंबर आपोआप चढत नाही. तो स्वतः जाऊन द्यावा लागतो. आमच्या त्या पालकांचं असंच झालं होतं. फोन केला तर कळलं, गाडी यादीत होती आणि काम बाकी होतं. शनिवारी नेली, दुपारी परत मिळाली. एक पैसा लागला नाही.

कायद्याचंही थोडं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं. चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका होईल असा दोष असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. गाडी ७ वर्षांच्या आतली हवी. सक्तीचा रिकॉल झाला तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने दोष स्वतःहून कळवून दुरुस्ती सुरू केली तर दंड नाही. यात आपल्या कामाचा भाग म्हणजे मालकांच्या तक्रारी. किती मालकांनी तोच दोष कळवला, हे पाहिलं जातं. त्यासाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑनलाइन तक्रारीची सोय केलेली आहे. म्हणून एखादी गोष्ट वारंवार बिघडत असेल तर फक्त मेकॅनिकपुढे कुरकुर करू नका, लेखी तक्रार करा.

शिक्षकांसाठी एक छोटा उपक्रम. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, हे मुलांना माहीत असतं. आरटीओच्या कागदांसाठी चेसिस नंबरचा छाप असाच घेतात. गाडी थंड आणि बंद असताना, मोठ्या माणसाला सोबत घेऊन मुलांना घरच्या दुचाकीचा असा छाप काढू द्या, आरसीशी ताडून बघू द्या, आणि घरच्यांना फोन करायला लावा. वर्गात फक्त 'यादीत आहे / नाही / काम झालं' एवढंच सांगायचं. नंबरचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.