गृध्रसीचा रुग्ण पुढे केव्हा पाठवावा?

नवघर परिसरातील कोणत्याही वैद्याच्या चिकित्सालयात कंबर व पाय दुखणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी असते. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत दिवसभर ओणवे होऊन काम करणारे कामगार, विरार लोकलमध्ये तासभर उभ्याने जाणारे नोकरदार, पाण्याच्या कळश्या उचलणाऱ्या गृहिणी, सर्वच त्यांत असतात. हल्ली अनेकांच्या हाती एम.आर.आय.चा लिफाफाही असतो आणि ‘गादी सरकली’ हे निदान रुग्ण स्वतःच सांगतो. यांतील बहुसंख्य रुग्ण आपल्याकडेच बरे होणारे असतात. अगदी थोड्यांना मात्र त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे लागते. हे थोडे रुग्ण गर्दीतून कसे ओळखावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग तसा फसवा आहे. दोन मणक्यांमधील चकती जागची हलत नाही; तिचे बाहेरचे चिवट कडे फाटते व आतील मऊ भाग त्या फटीतून बाहेर येऊन नाडीमूलावर दाब व क्षोभ उत्पन्न करतो. मिक्स्टर व बार या बोस्टनच्या शल्यचिकित्सकांनी हा संबंध १९३४ साली स्पष्ट मांडला. चरक-सुश्रुतांनी गृध्रसीचे वर्णन त्यापूर्वी कित्येक शतके लक्षणांवरून केले होते. स्फिक्, कटी, ऊरू, जानु, जंघा, पाद हा वेदनेचा क्रम आणि पाय उचलण्यास होणारा अवरोध आजही रुग्णात तसाच दिसतो. परंतु दोन्ही संज्ञा एक मानू नयेत. जेन्सन व सहकाऱ्यांनी १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. काढले, तेव्हा ५२ टक्के व्यक्तींत किमान एक चकती फुगलेली आढळली. म्हणून चिकित्सा अहवालाची न करता रुग्णाची करावी.

नाडीमूलाची वेदना बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते. बाहेर आलेला मोठा तुकडाही शरीर अनेकदा हळूहळू शोषून घेते. नेदरलँड्समधील २८३ रुग्णांच्या अभ्यासात (२००७) लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, परंतु वर्षाअखेर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. स्नेहन, स्वेदन, बस्ती, अग्निकर्म यांना येथे भरपूर वाव आहे. मात्र ‘आमच्या बस्तीने गादी आत गेली’ अशी जाहिरात करणाऱ्या वैद्यबंधूंनी हा नैसर्गिक क्रम ध्यानात ठेवून शब्द जपून वापरावेत, असे आम्हांस वाटते.

आता मुख्य मुद्दा. वाग्भटाने अपानवायूचे क्षेत्र श्रोणी, बस्ती, मेढ्र व ऊरू असे सांगितले असून मल, मूत्र, शुक्र, आर्तव, गर्भ यांचे निष्क्रमण हे त्याचे कर्म मानले आहे. सुषुम्नाकांड संपल्यानंतर खाली उतरणाऱ्या नाडीसमूहास, ज्याला आधुनिक शास्त्र कॉडा इक्विना म्हणते, चकतीच्या मोठ्या तुकड्याने दाबले तर नेमके हेच क्षेत्र व हेच कर्म बिघडते. खोगिरावर बसताना शरीराचा जो भाग टेकतो तो बधिर होतो, लघवीची जाणीव मंदावते, मग लघवी अडते. येथे रुग्णाची गणना तासांवर येते. ४८ तासांच्या आत दाब दूर केल्यास फलप्राप्ती अधिक चांगली असते आणि लघवी पूर्ण अडण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाल्यास आणखी चांगली. विलंब झाल्यास रुग्ण चालू लागतो, पण मूत्र-मलाचे नियंत्रण व कामजीवन कायमचे गमावून बसू शकतो.

अडचण अशी की रुग्ण हे आपणहून सांगत नाही. पाय ठणकत असताना लघवीकडे त्याचे लक्ष नसते; स्त्री-रुग्ण तर पुरुष वैद्यासमोर संकोचते. म्हणून प्रत्येक गृध्रसीच्या रुग्णास, पहिल्या दिवशी व प्रत्येक फेरीस, साध्या मराठीत विचारावे: लघवीला लागली हे कळते का? धार नेहमीसारखी आहे का? शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श दोन्ही बाजूंना सारखा जाणवतो का? हा शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण त्याचे उत्तर देताना कोणी लाजत नाही. ‘लघवी सारखी थेंब थेंब होते’ हे उत्तर विशेष जपून ऐकावे. बस्ती तुडुंब भरल्यावर होणारी ती गळती असू शकते. प्रमेह वा पौरुषग्रंथी म्हणून ती सोडून देऊ नये. शंका असल्यास लघवीनंतर बस्तीत किती मूत्र उरते हे सोनोग्राफीने पाहता येते. उरलेले मूत्र २०० मिलिलिटरहून अधिक असणे हे धोक्याचे चिन्ह होय. मात्र ते कमी निघाले तरी बधिरता असलेल्या रुग्णास थांबवू नये.

औषधविक्रेत्यांचा संबंध येथे थेट येतो. सोमवारी कंबरेसाठी विषतिंदुक वटी नेणारा ग्राहक बुधवारी गोक्षुरादी गुग्गुळ वा चंद्रप्रभा मागतो. दोन्ही पावत्या वेगळ्या, पण रोग कदाचित एकच. अशा वेळी गल्ल्यावरील व्यक्तीने एवढेच विचारावे, ‘कंबरेचे दुखणे चालू असतानाच लघवीचा त्रास झाला का?’ आणि होकार आल्यास औषध न देता वैद्याकडे धाडावे. शिवाय कुपीलू व वत्सनाभ ही द्रव्ये औषध कायद्याच्या अनुसूची ई-१ मध्ये आहेत. त्यांचे कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात, हे वेष्टनावर छापलेले असूनही विषतिंदुक व महावातविध्वंसन बिनचिठ्ठीचे विकले जातात. बिनलेबलच्या पुड्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो.

पायातील बल कमी होत जाणे हे पुढे पाठविण्याचे दुसरे कारण. रुग्णास टाचांवर व चवड्यांवर चालावयास लावावे, अंगठा वर ओढावयास सांगावे. पाऊल लोंबू लागले किंवा बल दिवसागणिक घटत असेल तर पंचकर्माचा क्रम पूर्ण होण्याची वाट पाहू नये. ज्वर, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना, पूर्वीचा क्षय वा अर्बुद, पडण्याचा इतिहास असल्यास रोग चकतीचा नसून मणक्याचा असू शकतो. आपल्याकडे मणक्याचा क्षय विरळा नाही. बधिर भागावर नाडीस्वेद वा पोटलीस्वेद करू नये, त्वचा भाजलेली रुग्णास कळत नाही.

मूत्र अडलेला रुग्ण पाठविताना जवळच्या रुग्णालयात मूत्रनलिका घालून घ्यावी, परंतु तेथेच ‘सकाळी पाहू’ म्हणून थांबू देऊ नये. परळचे के.ई.एम., मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक व भायखळ्याचे जे.जे. येथे मज्जाशल्यचिकित्सेचे विभाग आहेत. चिठ्ठीत लक्षणे कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी सुरू झाली, शेवटची लघवी केव्हा झाली, दोन्ही पायांचे बल व चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, लिहावीत. ‘कंबरदुखी, कृपया पाहावे’ एवढेच लिहिल्यास रुग्ण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसतो.

शस्त्रक्रियेनंतर हे रुग्ण परत आपल्याकडेच येतात. बस्तीची शक्ती भरून येण्यास कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. या काळात जखम भरल्यानंतर, शल्यचिकित्सकाशी बोलून, मृदू स्नेहन व मात्राबस्तीचा विचार करता येतो. गुदाची संवेदना कमी असल्याने बस्तीद्रव्य कोमट आहे की नाही, हे मात्र वैद्याने स्वतःच्या हाताने पाहावे.